रात्रीच्या प्रवासातील शेवटची पंधरा मिनिटे

रात्रीचे साडेअकरा वाजत आलेले असतात. चर्चगेटहून निघालेली धीमी लोकल अंधेरी सोडते. महिलांचा डबा दादरला अर्धा रिकामा झालेला असतो, अंधेरीला आणखी काही जणी उतरतात आणि गोरेगावनंतर डब्यात दोघीच उरतात. दोघींची ओळख नसते. तरीही एक जण पर्स सावरत उठते आणि दुसरीच्या समोरच्या बाकावर येऊन बसते. बोलणे होत नाही, त्याची गरजही नसते. मुंबईत हे दृश्य रोज रात्री घडते आणि सुरक्षिततेविषयीचे जेवढे शहाणपण त्यात आहे, तेवढे ‘महिलांसाठी सूचना’ या मथळ्याखाली छापलेल्या पत्रकांत क्वचितच आढळते.

या पत्रकांचा सगळा रोख घड्याळावर असतो. उशीर करू नका, अंधार पडण्यापूर्वी घरी या, एकटीने प्रवास टाळा! परंतु रुग्णालयातील परिचारिका, कॉल सेंटरमधील कर्मचारी, मॉलमधील विक्रेती किंवा वृत्तपत्राच्या कचेरीत काम करणारी स्त्री यांच्या कामाची वेळ त्या स्वतः ठरवीत नाहीत. शिवाय मुळातच ही सूचना अपुरी आहे. धोका उशिरामध्ये जितका असतो, त्याहून अधिक तो रिकामेपणात असतो. दुपारी दोन वाजता गर्दीच्या उलट दिशेने जाणाऱ्या लोकलचा ओस पडलेला महिला डबा हा रात्री दहाच्या गजबजलेल्या दादर स्थानकापेक्षा अधिक जोखमीचा आहे. म्हणून एकटीने प्रवास करणाऱ्या स्त्रीने ‘किती वाजले’ याबरोबरच ‘आसपास कोण आहे’ हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

रिकाम्या डब्याचे गणित

मे १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली मार्गावर संपूर्णपणे महिलांसाठी असलेली लोकल सुरू केली, तेव्हा प्रश्न गर्दीचा होता. गर्दीच्या वेळी महिलांसाठी राखीव जागा हे संरक्षण असते, याविषयी दुमत नाही. गर्दी ओसरल्यावर मात्र तोच राखीव डबा उलटा वागतो. नेहमीच्या लोकलचे डबे आतून जोडलेले नसतात. एका डब्यातून दुसऱ्यात जायचे तर स्थानक येण्याची वाट पाहावी लागते. दोन स्थानकांमधील तीन-चार मिनिटे रिकाम्या डब्यात सापडलेली स्त्री खरोखरच एकटी असते. डिसेंबर २०१७ पासून धावू लागलेल्या वातानुकूलित लोकलमध्ये दरवाजे आपोआप बंद होतात आणि डबे आतून जोडलेले असतात. उकाड्यापासून सुटका हा तिचा गाजलेला गुण असला, तरी हा दुसरा गुणही लहान नाही.

यावरून साधा नियम निघतो. डब्यात आपण एकट्याच उरलो आहोत हे लक्षात आले, की पुढच्या स्थानकावर उतरून वर्दळ असलेल्या डब्यात चढावे. तो सर्वसाधारण डबा असला तरी बिघडत नाही. महिलांचा डबा ही सवलत आहे, सक्ती नव्हे. गाडी जेमतेम वीस-पंचवीस सेकंद थांबते, म्हणून हा निर्णय स्थानक येण्यापूर्वी घेऊन दाराशी उभे राहावे लागते. रात्री उशिराच्या गाड्यांत महिलांच्या डब्यात गणवेशधारी पोलिस किंवा गृहरक्षक दलाचा जवान नेमला जातो. तो ज्या डब्यात असेल तो डबा निवडावा. अनेक डब्यांत आता कॅमेरे आणि गार्डशी बोलण्याची कळही बसविण्यात आली आहे. कळ कोठे आहे हे संकट नसताना पाहून ठेवले तरच संकटात सापडते.

साखळी ओढल्यास दंड होईल ही भीती अनेकींच्या मनात असते. रेल्वे कायदा, १९८९ चे कलम १४१ शिक्षा सांगते ती पुरेशा आणि वाजवी कारणाशिवाय साखळी ओढणाऱ्यास. डब्यात शिरलेला माणूस अंगावर येत असेल, तर त्याहून वाजवी कारण कोणते? याच कायद्याच्या कलम १६२ नुसार महिलांच्या राखीव डब्यात पुरुषाने शिरणे हाच गुन्हा आहे. त्याने काही करण्याची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. कलम १३९ मधील एक तरतूद तर फारशी कोणाला ठाऊक नसते. पुरुष सोबत नसलेल्या स्त्रीला, तिच्याकडे तिकीट नसले तरीही, रात्रीच्या वेळी कोठल्याही स्थानकावर गाडीतून उतरवून देता येत नाही.

अर्थात माणसे असणे म्हणजे आपोआप सुरक्षितता, असेही नाही. ऑगस्ट २००२ मध्ये बोरिवलीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये एका मतिमंद मुलीवर बलात्कार झाला, तेव्हा डब्यात इतर प्रवासी होते. ती घटना हे शहर विसरलेले नाही. म्हणून मदत मागताना ‘वाचवा’ असे सर्वांना उद्देशून ओरडण्यापेक्षा एका माणसाकडे बोट दाखवून बोलणे उपयोगी ठरते. ‘चष्मेवाले काका, हा माणूस मला त्रास देतो आहे, इकडे या.’ जबाबदारी सर्वांची असते तेव्हा ती कोणाचीच नसते. एकाला हाक मारली की त्याला नजर चुकविता येत नाही.

स्थानकाबाहेर पडल्यावर

सर्वांत अवघड टप्पा यापुढचा. फलाटावरून पादचारी पूल, पुलावरून जिना, जिन्यावरून रस्ता आणि रस्त्यावरून घर. प्रवास तासाभराचा, पण काळजी या शेवटच्या पंधरा मिनिटांची.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या ‘व्हाय लॉयटर?’ या २०११ साली प्रकाशित झालेल्या पुस्तकात मुंबईच्या रस्त्यांवरील स्त्रियांचा विचार आहे. सार्वजनिक जागेत आपण काही कामानिमित्तच आलो आहोत हे स्त्रीला सतत दाखवून द्यावे लागते, हे त्यांचे निरीक्षण कोणतीही मुंबईकर स्त्री मान्य करील. रस्ता वापरता असेल, त्यावर नाना प्रकारची माणसे असतील, तर स्त्रीला तेथे वावरणे सोपे जाते. अमेरिकेतील जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये शहररचनेविषयीच्या पुस्तकात ‘रस्त्यावरचे डोळे’ ही कल्पना मांडली होती. आपल्याकडे हे डोळे म्हणजे वडापावची गाडी, पानाची टपरी, औषधांचे दुकान, सोसायटीचा पहारेकरी आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. फेरीवाले हटविले की पदपथ मोकळा होतो हे खरे, पण रात्री साडेअकराला त्याच पदपथावरून जाणाऱ्या स्त्रीला तो मोकळेपणा नकोसा वाटतो. या प्रश्नाची ही बाजू फेरीवाल्यांवरील वादात अभावानेच ऐकू येते.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘सेफ्टीपिन’ या मोबाइल अॅपमध्ये रस्त्याचे मूल्यमापन करताना उजेड, मोकळी दृष्टी, माणसांची वर्दळ, त्यांत स्त्रिया किती, चालण्याची वाट कशी, वाहन किती जवळ मिळते, अशा गोष्टी पाहिल्या जातात. अॅप वापरावे किंवा न वापरावे, ही यादी मात्र मनात ठेवण्याजोगी आहे. घरी जाण्याचे दोन रस्ते असतील आणि उंच भिंतीच्या कडेने जाणारा रस्ता पाच मिनिटांनी जवळचा असेल, तर दुकानांचा लांबचा रस्ता धरावा. (या अॅपचे नाव वाचून बेस्टच्या बसमध्ये पर्सला टाचणी लावून फिरणाऱ्या आपल्या आई-मावश्यांची आठवण कोणालाही होईल.)

रिक्षात किंवा टॅक्सीत बसण्यापूर्वी क्रमांक पाहावा आणि बसल्यावर तो फोनवरून घरी मोठ्याने सांगावा. चालकाला ऐकू जाणे हाच त्यामागील हेतू. मोबाइलवरून आपले ठिकाण घरच्यांना पाठविणे चांगलेच, मात्र पलीकडे कोणी तरी जागे राहून तो ठिपका पाहत असेल तरच. अन्यथा त्याचा उपयोग पुढे तपासालाच होतो. संकटकाळी ११२ हा क्रमांक, रेल्वेत असताना १३९. बहुतेक स्मार्टफोनवर बंद-चालू करण्याची कळ लागोपाठ दाबली असता मदतीचा संदेश जातो; ती किती वेळा दाबायची हे फोनागणिक बदलते, म्हणून आजच पाहून ठेवावे.

वाहन ओळखीचे आहे एवढ्यावर विसंबता येत नाही, हे पुण्यातील घटनेने दाखवून दिले. नोव्हेंबर २००७ मध्ये रात्रपाळीसाठी निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीवर कंपनीने नेमलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारीही वर्षानुवर्षे हेच सांगते, की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या परिचयाचा असतो. तेव्हा गाडीत सर्वांत आधी बसणारी आणि सर्वांत शेवटी उतरणारी स्त्री एकटी असता कामा नये, ही मागणी कर्मचाऱ्यांनी निःसंकोच करावी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार स्त्रीला रात्री साडेनऊनंतर तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येते, आणि तिच्या संरक्षणाची व घराच्या दारापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था मालकाने करावयाची असते. ही मालकाची मेहेरबानी नव्हे.

तक्रार कोठे?

‘छेडछाड’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्यात गुन्हा आहे हेच विसरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत विनयभंगासाठी कलम ७४ असून त्याची शिक्षा किमान एक व कमाल पाच वर्षे कारावासाची आहे. पाठलाग करणे हा कलम ७८ खाली, तर अश्लील शब्द व हावभाव हा कलम ७९ खाली गुन्हा आहे. घटना एका हद्दीत घडली आणि स्त्री दुसऱ्या हद्दीत उतरली, तर ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असे सांगून पोलिसांना तिला परत पाठविता येत नाही. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदविता येतो आणि प्रथम खबरी अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. वर सांगितलेल्यांपैकी विनयभंगासारख्या गंभीर गुन्ह्याची नोंद करण्यास नकार देणे हाच मुळी कलम १९९ खाली अपराध आहे.

गणवेशाविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. एप्रिल २००५ मध्ये मरीन ड्राइव्हवरील पोलिस चौकीतच एका तरुणीवर हवालदाराने बलात्कार केला होता. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला सर्वसाधारणपणे अटक करता येत नाही. अपवादात्मक स्थितीत ती करायची तर महिला पोलिस अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक असते. रात्री कोणी ‘चौकीत चला’ म्हटले, तर महिला पोलिसाला बोलावण्याचा आग्रह धरावा आणि तोवर उजेडात, लोकांसमोर उभे राहावे.

उजेडाचा विषय निघालाच आहे, तर शेवटची तक्रार त्याविषयीची. गल्लीतील दिवा महिनाभर बंद असतो आणि प्रत्येकाला वाटते की दुसऱ्या कोणी तरी कळविले असेल. मुंबई महापालिकेचा १९१६ हा दूरध्वनी क्रमांक अशा तक्रारींसाठीही आहे. दिव्याच्या खांबावर क्रमांक रंगविलेला असतो. उद्या दिवसाउजेडी येता-जाता तो टिपून घ्यावा. तक्रार करताना तो सांगितला, तर नेमका कोणता दिवा हे शोधण्यात वेळ जात नाही.