यंत्र महागाचे, पण अँटेना कुठली?

२८ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतील नेवाडा राज्यात, मिंडेनजवळ, सुमारे १६,००० फुटांवर हॉकर जातीचे एक जेट आणि एक ग्लायडर यांची टक्कर झाली. ग्लायडरचा वैमानिक पॅराशूटने उतरला. जेट कार्सन सिटीच्या धावपट्टीवर चाके न उघडता, पोट घासत थांबले. त्यातले पाचही जण वाचले. ग्लायडरमध्ये आपली उपस्थिती कळवणारा ट्रान्सपाँडर बसवलेला होता, पण बॅटरी रेडिओसाठी राखावी म्हणून तो बंद ठेवला होता.

ग्लायडरला इंजिन नसते, त्यामुळे वीज तयार करण्याची सोयही नसते. सगळा कारभार १२ व्होल्टच्या एक-दोन बॅटऱ्यांवर चालतो. शिवाय हे पांढरे, सडपातळ विमान समोरून पाहिले तर एका रेघेएवढे दिसते. डोळ्यांची अडचण याहूनही मोठी आहे. आपली नजर हालचाल चटकन टिपते. पण टक्करीच्या मार्गावर असलेली वस्तू दृष्टिपटलावर जवळजवळ एकाच जागी राहते. ती सरकत नाही, फक्त मोठी होत जाते, आणि तेही शेवटच्या काही सेकंदांत. ‘नीट बघितले असते तर दिसले असते’ हे म्हणणे म्हणूनच वैमानिकावर अन्याय करणारे आहे.

डोळ्यांच्या मदतीला आता उपकरणे आली आहेत. २००४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ग्लायडरसाठी ‘फ्लार्म’ तयार झाले. ते आपले पुढच्या काही सेकंदांतले स्थान आसपासच्या फ्लार्मना कळवते आणि टक्करीचा धोका दिसला की इशारा देते. दुसरी पद्धत एडीएस-बी. तीत ट्रान्सपाँडर आपले स्थान सतत प्रक्षेपित करतो. नियंत्रण कक्ष आणि इतर विमाने ते ऐकतात. दोन्हींचा पाया एकच, तो म्हणजे जीपीएस.

एडीएस-बी ‘मी इथे आहे’ एवढेच सांगत नाही, ‘माझ्या सांगण्यावर किती भरवसा ठेवावा’ हेही सांगते. त्यासाठी संदेशात काही आकडे असतात. त्यातल्या एकाची पातळी ३ असेल, तर चूक सांगितलेल्या मर्यादेबाहेर जाऊनही लक्षात न येण्याची शक्यता एक कोटीत एकाहून जास्त नाही, असा दावा असतो. पातळी १ असेल तर हजारात एक. पातळी शून्य असेल, तर अनेक प्रमाणित यंत्रणा त्या विमानाची दखलच घेत नाहीत. हा दावा केवळ डब्याचा नसतो. रिसीव्हर आणि त्याला जोडलेली अँटेना या जोडीचा असतो. म्हणून उत्पादकाच्या यादीतली अँटेना काढून बाजारातली स्वस्त वडी चिकटवायची आणि सेटिंग मात्र तेच ठेवायचे, हे रुग्णाला न तपासताच फिटनेस सर्टिफिकेट लिहिण्यासारखे आहे.

अँटेनाला एवढे महत्त्व का? जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. एका वॅटचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा एक कोटी, आणि त्यातल्या एकाचे शंभर. अँटेनाच्या हाती साधारण एवढीच शक्ती लागते. त्याच विमानातला ट्रान्सपाँडर मात्र शंभराहून अधिक वॅटचे ठोके सोडत असतो. कुजबुज ऐकायची आणि शेजारी ढोल, अशी ही स्थिती. म्हणून दोन्ही अँटेनांमध्ये शक्य तेवढे अंतर ठेवायचे आणि गोंगाट गाळणारी चाळणी असलेली अँटेना निवडायची.

पण सर्वांत आधी पाहायचे ते ग्लायडरचे अंग कशाचे आहे. फायबरग्लासमधून जीपीएसचा सिग्नल आरपार जातो, कार्बन फायबरमधून जात नाही. दिसायला दोन्ही सारखेच, वरून पांढरा रंग. आधुनिक ग्लायडरमध्ये कार्बनचा वापर भरपूर असतो, तेव्हा आतल्या कोपऱ्यात दडवलेली अँटेना आंधळी ठरू शकते. अशा वेळी उपकरणांच्या फळीच्या माथ्यावर, पारदर्शक झाकणाखाली, तिला मोकळे आकाश मिळते. अँटेनाच्या खाली कार्बन असला तर चालतो, वर नको. काही अँटेनांना खाली धातूची पाटी लागते. तेही आधी वाचून घ्यावे.

इथे एक गंमत होते. मोटारीसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक अँटेनांच्या तळाशी टपाला चिकटण्यासाठी लोहचुंबक असते. फळीच्या माथ्यावर होकायंत्रही असते. स्थान सुधारायला गेले आणि दिशा बिघडली! तळाला चुंबक नसलेलीच अँटेना घ्यावी.

केबलकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. बारीक केबल मीटरमागे सिग्नलचा पाचवा हिस्सा तरी गिळते. म्हणून अँटेनातच छोटा वर्धक असतो आणि त्याला त्याच केबलमधून वीज मिळते. रिसीव्हर ३.३ व्होल्ट देणारा आणि अँटेना ५ व्होल्ट मागणारी असेल, तर ती उपाशी राहते. एकाच अँटेनावर दोन यंत्रे चालवायची असतील, तर साधा जोड चालत नाही. वीज एकाच बाजूने जाऊ देणारा विभाजक लागतो. अतिदक्षता विभागातही असेच घडते. मॉनिटर लाखोंचा, पण छातीवरचे चिकट पॅड सुकले की पडद्यावर भलतीच लय उमटते.

जमिनीवर सगळे उपग्रह दिसले म्हणून काम संपत नाही. ग्लायडर घारीसारखे गरम हवेच्या झोतात घिरट्या घेत वर चढते, अनेकदा ४५ अंश कलून. तेव्हा अर्धे आकाश पंखाआड किंवा वैमानिकाच्या डोक्याआड जाऊ शकते. नवी अँटेना बसवल्यावर डावीकडे आणि उजवीकडे अशा दोन्ही घिरट्या घेऊन नोंदी तपासाव्यात. अमेरिकेत विमान वाहतूक प्रशासन एडीएस-बी उड्डाणाचा गुणवत्ता अहवाल मागणी केल्यावर विनामूल्य ईमेलने पाठवते. त्यात दोष दिसला, तर यंत्र दुरुस्तीला टाकण्याआधी अँटेनाची जागा आणि केबलची दोन्ही टोके पाहावीत.