अमेरिकेतील मद्यप्राशनाची वयोमर्यादा आणि परदेशी युवक

जर्मनीत १६ व्या वर्षी बिअर व वाइन, तर ब्रिटनमध्ये १८ व्या वर्षी सर्व प्रकारचे मद्य कायदेशीररीत्या विकत घेता येते. मात्र तेथील १९ वर्षांचा युवक अमेरिकेत मद्याच्या बाबतीत अल्पवयीन ठरतो. कारण हा कायदा राष्ट्रीयत्वाशी नव्हे, तर स्थळाशी निगडित असतो. तरुण वाहनचालकांचे अपघात रोखण्याच्या हेतूने १९८४ च्या संघीय कायद्याने २१ वर्षांची मर्यादा न स्वीकारणाऱ्या राज्यांचा महामार्ग-निधी अंशतः रोखण्याची तरतूद केली. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. परदेशी विद्यार्थ्याला मद्यपान करून वाहन चालविल्याबद्दल झालेली अटक व्हिसा रद्द होण्यासही कारणीभूत ठरू शकते. म्हणून महाविद्यालयांनी प्रस्थानपूर्व मार्गदर्शनात या बाबीचा समावेश करणे अगत्याचे आहे.