दारात उभा लाकडी घोडा

मी कविता लिहिणारा माणूस. संगणकाशी माझी ओळख झाली ती चाळिशी उलटल्यावर. तीही नाइलाजाने. वह्यांना वाळवी लागायला लागली, तेव्हा ओतूरच्या एका डीटीपीच्या दुकानात बसून वीस-बावीस वर्षांच्या कविता टाइप करून घेतल्या आणि पेन ड्राइव्हवर घरी आणल्या. करंगळीएवढ्या त्या वस्तूत माझे निम्मे आयुष्य मावले, याचे मला फार कौतुक वाटले होते.

घरच्या संगणकाला तो पेन ड्राइव्ह लावला. 'कविता' नावाचे पिवळे फोल्डर दिसले. ते उघडले, कविता दिसल्या. सगळे ठीक. पण त्या दिवसापासून संगणक सुस्तावला. नवा पेन ड्राइव्ह लावला, की त्यातल्या प्रत्येक फोल्डरच्या नावाची आणखी एक फाइल तयार होऊ लागली. कोणीतरी म्हणाले, अँटिव्हायरस चालवा. चालवला. त्याने काहीतरी पकडले, नष्ट केले, आणि 'कविता' हे फोल्डरच गायब झाले! त्या रात्री मी जेवलो नाही. बायको म्हणाली, "अहो, वह्या आहेत ना अजून?" वह्या होत्या, पण निम्म्या वाळवीने खाल्लेल्या.

दुसऱ्या दिवशी संगणकाच्या क्लासमध्ये शिकवणाऱ्या एका मुलाला बोलावले. तो हसला. म्हणाला, "चाचा, कविता कुठेच गेल्या नाहीत. त्या लपवल्यात." त्याने लपवलेल्या फाइली दाखवण्याची खूण केली आणि माझे खरे फोल्डर पुसट रंगात समोर आले. मी इतके दिवस उघडत होतो ते फोल्डर नव्हतेच. तो एक प्रोग्राम होता. त्याने फोल्डरचे चित्र अंगावर पांघरले होते आणि माझ्या कवितांचे नाव घेतले होते. मी दोनदा टिचकी मारली, की आधी तो स्वतः चालू व्हायचा आणि मग मला शंका येऊ नये म्हणून खरे फोल्डर उघडून द्यायचा.

फाइलीच्या नावाचे शेपूट विंडोज बहुधा लपवून ठेवते. ते दिसत असते, तर 'कविता'च्या पुढे 'डॉट ईएक्सई' अशी अक्षरे मला दिसली असती. ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्राम. हे शेपूट दिसेल अशी व्यवस्था संगणकात करता येते. ती प्रत्येकाने करावी.

अशा सोंगाड्या प्रोग्रामला ट्रोजन म्हणतात. नाव आले आहे ग्रीकांच्या गोष्टीतून. दहा वर्षे वेढा घालूनही ट्रॉय शहर पडेना, तेव्हा ग्रीकांनी एक प्रचंड लाकडी घोडा वेशीबाहेर सोडला आणि माघार घेतल्याचे नाटक केले. ट्रॉयच्या लोकांनी तो आपल्याच हातांनी आत ओढून नेला. रात्री घोड्याच्या पोटातले सैनिक उतरले आणि त्यांनी आतून दरवाजे उघडले. पुष्कळांना वाटते, ही गोष्ट होमरच्या 'इलियड'मध्ये आहे. पण ते काव्य घोड्याच्या आधीच संपते. घोड्याचा उल्लेख 'ओडिसी'त येतो आणि सविस्तर वर्णन व्हर्जिल या रोमन कवीने केले आहे.

व्हायरस, वर्म आणि ट्रोजन यांत फरक आहे. आमच्याकडे कांदा बराखीत साठवतात. एक कांदा सडला, की शेजारचा सडतो. व्हायरसचे तसेच असते. तो एका फाइलीला चिकटतो आणि तिथून दुसरीला लागतो. वर्मला आधारही लागत नाही. तो जाळ्यातून एका संगणकावरून दुसऱ्यावर आपला आपण सरकतो. ट्रोजन मात्र व्यापाऱ्याच्या वेशात बराखीच्या दाराशी येतो आणि दार आपल्याकडूनच उघडून घेतो. प्रत्यक्षात ही मंडळी एकमेकांच्या खुब्या उचलतात. माझ्याकडे आलेला सोंगाड्या ट्रोजनसारखा आत शिरला आणि वर्मसारखा पसरला.

हा खेळ जुना आहे. १९८९ च्या डिसेंबरात जगभरच्या लोकांना टपालाने सुमारे वीस हजार फ्लॉपी गेल्या. एड्स या रोगाची माहिती देणारा प्रोग्राम, असे त्यांच्यावर लिहिले होते. संगणक नव्वदएक वेळा चालू-बंद झाला, की तो प्रोग्राम फाइलींची नावे बिघडवून टाकायचा आणि पनामातल्या एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवा म्हणायचा. आज खंडणी मागणारे जे प्रोग्राम आपण ऐकतो, त्यांचा हा पूर्वज.

आता घोडा फ्लॉपीतून येत नाही. फुकटात मिळालेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरमधून येतो, बिलाच्या नावाने आलेल्या ईमेलमधून येतो, आणि खेड्यापाड्यांत सर्वाधिक येतो तो व्हॉट्सॲपवरून. लग्नसराई सुरू झाली, की 'लग्नाची पत्रिका' नावाची फाइल येते. कधी 'आरटीओ चलन' येते, कधी शेतकरी योजनेची यादी. नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतात. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसणारे ॲप. पत्रिका ही चित्र असते किंवा पीडीएफ असते. ती ॲप कधीच नसते. एवढे एक वाक्य लक्षात ठेवले, तरी आजचे बोलणे सार्थकी लागले.

आमच्या आळीतल्या एका शेतकऱ्याने अशी पत्रिका उघडली. पाठवणारा नंबर मेहुण्याचा होता, म्हणून संशय आला नाही. मेहुण्याचा फोन आधीच बळी पडला होता आणि त्याच्या नावाने ती फाइल सगळ्या नातेवाइकांना जात होती. ॲपने परवानग्या मागितल्या, याने 'होय, होय' म्हटले. त्यातली एक परवानगी एसएमएस वाचण्याची होती. बँकेचा ओटीपी एसएमएसनेच येतो. कांद्याची पट्टी नुकतीच खात्यात जमा झाली होती. सकाळी पाहिले, तर खाते रिकामे. चार महिन्यांची मेहनत, खत-औषधांची उधारी आणि मुलीची फी, सगळे एका पत्रिकेत गेले.

हे फक्त भोळ्या माणसांचे होते असे नाही. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी हल्ला झाला आणि ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. एटीएममध्ये कार्ड घातले, की 'पैसे द्यायचे का' असा प्रश्न बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जातो. हल्लेखोरांनी घातक प्रोग्राम आत घुसवून मध्येच एक बनावट यंत्रणा उभी केली. ती बँकेच्या वतीने परस्पर 'द्या' असे उत्तर देऊ लागली. मग बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले. बँकेच्या तिजोरीला धक्काही लागला नव्हता. होकार देणाराच बदलला होता.

घोडा आत आल्याचे कळले तर काय करावे?

संगणक असेल, तर प्रथम इंटरनेट तोडा. वायर काढा, वायफाय बंद करा. ट्रोजन आतली माहिती बाहेर पाठवतो आणि बाहेरून हुकूम घेतो. तार तोडली, की तो मुका-बहिरा होतो. त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नका. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून बदला. आजारी संगणकावर बदललेला पासवर्ड चोराच्या कानात सांगितल्यासारखा आहे.

मग आपली कागदपत्रे आणि फोटो यांची प्रत काढून ठेवा. प्रोग्राम मात्र उचलू नका. त्यानंतर अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करा. तो अद्ययावत हवा. त्यासाठी नेट लावावे लागले, तर तेवढ्यापुरतेच लावा. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर अंगचाच असतो. त्यात 'ऑफलाइन स्कॅन' अशी सोय आहे. ती संगणक नव्याने सुरू करून, विंडोज जागी होण्याआधीच तपासणी करते. ट्रोजन जागा असला, की लपतो. झोपेत सापडतो. एका वेळी दोन अँटिव्हायरस मात्र बसवू नका. ते एकमेकांशीच भांडत बसतात.

अँटिव्हायरस आपल्याला परका विषय नाही. पुण्यात संगणक दुरुस्तीच्या दुकानातून सुरुवात करून कैलास आणि संजय काटकर या भावांनी १९९० च्या दशकात 'क्विक हील' उभा केला. केंद्र सरकारनेही फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले. तिथे सफाईची साधने मोफत मिळतात.

तपासणीनंतरही लक्षणे राहिली, म्हणजे अँटिव्हायरस आपोआप बंद होतो, नको त्या खिडक्या उघडतात, तर मोह सोडून विंडोज पुन्हा नव्याने घाला. तोच खात्रीचा उपाय. आणि जुन्या विंडोजवर विसंबू नका. विंडोज १० चा नियमित सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

फोन असेल, तर फ्लाइट मोड लावा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते गोठवा. पैसे गेले असतील, तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात. तक्रार लवकर गेली, तर वाटेत अडवता येतात. मग सेटिंग्जमध्ये ॲपची यादी पाहा. पडद्यावर ते चित्र दिसणार नाही, यादीत सापडेल. ते निघत नसेल, तर आधी त्याला दिलेल्या 'ॲक्सेसिबिलिटी' आणि 'डिव्हाइस ॲडमिन' या परवानग्या काढून घ्या, फोन सेफ मोडमध्ये सुरू करा, मग काढा. तरीही जमले नाही, तर फोटो वाचवून फोन फॅक्टरी रीसेट करा. आणि ज्यांना आपल्या नावाने ती फाइल गेली असेल, त्या सगळ्यांना फोन करून सांगा. यात लाज कसली? न सांगण्यात मात्र दुसऱ्याचे नुकसान आहे.

माझ्या कविता आता तीन ठिकाणी आहेत. एक प्रत संगणकावर, एक कपाटातल्या वेगळ्या डिस्कवर, जी कामापुरतीच संगणकाला लावतो, आणि एक मुलीच्या घरी. गेल्या महिन्यात भाच्याच्या नावाने निकाहची पत्रिका आली. मी ती उघडली नाही, त्याला फोन केला. म्हणाला, "मामू, पत्रिका तर अजून छापायचीच आहे." आम्ही दहा मिनिटे बोललो. पुष्कळ दिवसांनी बोललो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)