देवावर भरवसा आणि हाताला काम



देवाला नमस्कार तर सगळेच करतात. पण देवावर श्रद्धा ठेवून शहाणपणाने कसे वागावे, हे आपल्या विदर्भातल्या दोन संतांनी शिकवले. एक संत गाडगेबाबा आणि दुसरे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. दोघेही अमरावती जिल्ह्यातले.

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे झाला. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. हातात खराटा, अंगावर चिंध्यांचे कपडे आणि जवळ मातीचे गाडगे, म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. ते गावात आले की आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारायचे. देवाच्या नावाने बोकड कापू नका, कर्ज काढून सण करू नका, शिवाशीव पाळू नका, पोरांना शाळेत घाला, असे ते सांगायचे. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा बांधल्या. स्वतःसाठी काही ठेवले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी ते वारले.

तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी यावली येथे झाला. ते खंजिरी वाजवून भजने म्हणायचे. मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम काढला. जातपात न पाहता सगळ्यांनी एकत्र बसून प्रार्थना करावी, म्हणून त्यांनी सामुदायिक प्रार्थना सुरू केली. ती पुष्कळ गावांत अजूनही होते. त्यांच्या ग्रामगीतेत ४१ अध्याय आहेत. त्यात गावाची सफाई, आरोग्य, शिक्षण यांविषयी सांगितले आहे. आपल्या नागपूरच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे.

आता हे आपल्या घरी कसे उपयोगी पडते ते सांगतो. मागच्या वर्षी मृगात पाऊस आला आणि मग गुप्तच झाला. आमची कपाशी निघाली आणि वाळून गेली. आजी रडून राहिली होती. ती बाबांना म्हणाली, "देव कोपला रे बाप्पा, बोकडाचा नवस बोल." बाबा म्हणाले, "माय, देव सगळ्याईचा बाप आहे. तो आपल्याच लेकराचा जीव कायले मागते?" मग बाबांनी देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि बोकडाच्या पैशाचे बियाणे आणले. पाऊस आल्यावर आम्ही दुबार पेरणी केली. पीक अर्धेच झाले. पण सावकाराच्या दारी जावे लागले नाही. आता आजीही म्हणते, बरे झाले.

मला यातून तीन गोष्टी समजल्या.

१) श्रद्धा म्हणजे देवाशी सौदा नाही. मी नारळ देतो, तू पास कर, असे म्हणू नये. अभ्यास आपणच करावा.

२) भरवसा म्हणजे बसून राहणे नाही. साप चावला तर मंत्र म्हणत बसू नये, लगेच दवाखान्यात न्यावे. देवाचे नाव गाडीत बसूनही घेता येते.

३) भरवसा म्हणजे धीर. आपल्या विदर्भात कर्जापायी पुष्कळ शेतकऱ्यांनी जीव दिला. त्यांची लेकरे आपल्यासारखीच आहेत. पीक गेले तरी माणूस राहिला पाहिजे. म्हणून घरात कोणी गप्प गप्प राहत असेल तर त्याच्याजवळ बसावे, बोलावे. शेजाऱ्यांनीही विचारपूस करावी. हीसुद्धा देवाची पूजाच आहे.

शेवटी पालकांना एक विनंती. सायंकाळी पाच मिनिटे तरी सगळ्यांनी मिळून प्रार्थना करा. आणि मुलांनो, प्रार्थनेच्या आधी अंगण झाडायला विसरू नका!

— इयत्ता चौथी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. हिंगणा, जि. नागपूर