विश्लेषण : चार ट्रॅकच्या कॅसेटवर अख्खा अल्बम! रेमो फर्नांडिस यांचा ‘गोअन क्रेझी’ घरच्या घरी कसा घडला?

नालासोपारा पूर्वेला तुळिंजमधल्या एखाद्या खोलीत बसून आज लॅपटॉप आणि मायक्रोफोनवर गाणं तयार करता येतं आणि काही दिवसांत ते जगभरच्या अ‍ॅपवर दिसू लागतं. १९८४ मध्ये गोव्यातल्या शिवोली गावात रेमो फर्नांडिस यांनी जवळपास हेच केलं होतं. त्यांच्याकडे होता चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर आणि वितरणासाठी स्कूटर.

बँड असताना एकट्याचा अल्बम कशासाठी?

१९५३ साली जन्मलेले रेमो काही नवखे नव्हते. मुंबईत आर्किटेक्चर शिकत असताना ते ‘द सॅव्हेजेस’ या तेव्हाच्या गाजलेल्या बँडमध्ये होते. नंतर ‘लिफ्ट’ मागत त्यांनी युरोप आणि उत्तर आफ्रिका पालथी घातली. गोव्यात परतले तेव्हा त्यांच्याकडे स्वतः लिहिलेली इंग्रजी गाणी होती आणि त्यांचे विषय गोव्याचे होते. अडचण नेमकी इथेच होती. त्या काळी भारतातल्या बहुतेक रॉक बँडकडून अपेक्षा असायची ती परदेशी गाणी हुबेहूब वाजवण्याची. भारतीय माणसाची स्वतःची इंग्रजी गाणी विकली जातील, यावर कंपन्यांचा विश्वास नव्हता. स्टुडिओचं तासाचं भाडं स्वतःच्या खिशातून भरणं हा दुसरा मार्ग, पण तो परवडणं कठीण. म्हणून मग घर.

चार ट्रॅकमध्ये इतकी वाद्यं बसली कशी?

‘गोअन क्रेझी’ची गाणी, चाली, सगळी वाद्यं, सगळे आवाज आणि ध्वनिमुद्रणही रेमो यांचंच. एकाच माणसाला एका वेळी गिटार, बासरी आणि कोरस करता येत नाही. त्यासाठी ‘मल्टिट्रॅक’ लागतं, म्हणजे आधीचं ऐकत ऐकत त्याच फितीवर शेजारी नवं ध्वनिमुद्रण करायचं.

साध्या कॅसेटच्या फितीवरही चार पट्टे असतातच. दोन ‘ए’ बाजूचे आणि दोन ‘बी’ बाजूचे. १९७९ मध्ये टीएक कंपनीनं ‘पोर्टास्टुडिओ’ बाजारात आणला, तेव्हा याच गोष्टीचा उपयोग केला. चारही पट्टे एकाच दिशेनं वापरायचे आणि आवाज स्वच्छ यावा म्हणून फीत दुप्पट वेगानं पळवायची. त्यामुळे ६० मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम १५ मिनिटं मावायची.

चारपेक्षा जास्त वाद्यं हवी असतील तर ‘बाउन्सिंग’. पहिल्या तीन ट्रॅकवर तीन वाद्यं घ्यायची, ती मिसळून चौथ्यावर उतरवायची आणि मग पहिले तीन पुसून नव्यानं वापरायचे. त्यातल्या दोन ट्रॅकवर दोन वाद्यं घेऊन ती तिसऱ्यावर उतरवली की दोन ट्रॅक पुन्हा मोकळे. अशी सात वाद्यं सहज बसतात. पण प्रत्येक वेळी फितीची खरखर वाढते आणि एकदा मिसळलेलं पुन्हा सुटं होत नाही. ड्रमचा आवाज जास्त झाला हे शेवटी लक्षात आलं, तर पहिल्यापासून सुरुवात. आजच्या सॉफ्टवेअरमधलं ‘अनडू’चं बटण ही किती मोठी चैन आहे, ते इथे कळतं.

हा प्रयोग जगात आणखी कुणी केला होता?

अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी. जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी न्यू जर्सीतल्या घरी पोर्टास्टुडिओवर काही गाणी कच्ची म्हणून ध्वनिमुद्रित केली. नंतर ती बँडसह स्टुडिओत वाजवून पाहिली, पण मजा येईना. शेवटी घरची कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावानं बाजारात आली. फरक इतकाच की स्प्रिंगस्टीन यांच्यामागे बलाढ्य कंपनी उभी होती. रेमो यांना मुखपृष्ठापासून सगळं स्वतः करायचं होतं.

मग कॅसेट विकल्या कुणी?

त्यांनीच. स्कूटरवरून गोव्यातल्या दुकानांत कॅसेट पोहोचवल्या. १९८५ मध्ये ‘ओल्ड गोअन गोल्ड’ आला. त्यानंतर मात्र कंपनीचं दार उघडलं. ‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) आणि ‘बॉम्बे सिटी’ (१९८७) हे अल्बम सीबीएसनं काढले. १९९५ मध्ये ‘बॉम्बे’ चित्रपटातल्या ‘हम्मा हम्मा’नं हा आवाज घराघरांत गेला. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. पण ‘हम्मा हम्मा’वाला एवढीच त्यांची ओळख सांगणं अपुरं आहे. त्याच्या दशकभर आधी त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा बाजार स्वतः उभा केला होता.

आज हे सोपं झालं आहे का?

ध्वनिमुद्रण नक्कीच. तुळिंजमध्ये खरी अडचण ट्रॅकची नाही, पातळ भिंतींची आणि खालच्या रिक्षांच्या हॉर्नची असू शकते. त्यावर रात्रीची वेळ आणि खिडकीला गोधडी हे जुने उपाय आहेतच. वितरणासाठी दुकानं फिरावी लागत नाहीत. वितरक सेवेकडे फाइल दिली की प्रत्येक गाण्याला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो आणि ऐकण्याचा हिशोब त्यावरून ठेवला जातो.

कमाई ही वेगळी गोष्ट. विकलेल्या प्रत्येक कॅसेटचे पैसे हातात येत. स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केला आहे, की मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचं मानधन नाही. नव्या कलाकाराच्या बऱ्याच गाण्यांना हा आकडा गाठणं सोपं नाही.

हक्क कुणाकडे राहतात?

भारतीय कायद्यात गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत. करार वेगळा नसेल तर ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक निर्माता असतो, गायक नव्हे. रेमो घरी ध्वनिमुद्रण करत होते, तेव्हा गीतकार, संगीतकार आणि निर्माता एकच माणूस होता. कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा हक्क दिला. कंपनीशी करार करतानाही तो सोडून देता येत नाही. ही वसुली आयपीआरएस ही संस्था करते, मात्र त्यासाठी सभासद व्हावं लागतं. ध्वनिमुद्रणाच्या मालकीला हे संरक्षण नाही. ‘मास्टर’ कुणाचं, हे करारात जे लिहिलं असेल त्यावरच ठरतं. सही करण्याआधी ते कलम दोनदा वाचलेलं बरं.