मावशीचं गाव

गेल्या उन्हाळ्यातले दोन महिने मी अमेरिकेत काढले. आसेगावच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारा मित्र आता न्यू जर्सीतल्या एडिसन गावी राहतो. वीस वर्षांपासून 'ये' म्हणत होता, शेवटी गेलो. निघताना त्याच्या आईनं, म्हणजे आमच्या काकूंनी, सरगुंडे, ज्वारीच्या पापड्या आणि जवसाची चटणी इतकी दिली की माझे कपडे खांद्याच्या पिशवीत गेले आणि मोठी बॅग काकूंची झाली.

पहिले आठ दिवस कौतुकात गेले. मग सकाळी आठला घर रिकामं व्हायचं आणि मी खिडकीशी. आमच्याकडे, मंगरूळपीर तालुक्यात, पाहुणा आला की गल्लीभर विचारपूस होते. कोणाकडे आला, कधी आला, किती दिवस आहे. तिथं रस्त्यावर माणूसच दिसत नव्हता. अशा एका रिकाम्या दुपारी आनंदीबाई जोशी आठवल्या. त्यांचाही अमेरिकेतला पहिला उन्हाळा असाच परक्याच्या घरी, माझ्या मित्राच्या घरापासून जेमतेम वीस किलोमीटरवर, रोझेल गावात गेला होता.

पहिली भारतीय महिला डॉक्टर, गोपाळरावांचा हट्ट, बाळाचा मृत्यू, हे सगळं शाळेपासून पाठ आहे, पुन्हा सांगत नाही. मला भुरळ घातली ती दातांच्या डॉक्टरकडच्या जुन्या मासिकानं. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. त्या साहेबांनी 'आधी ख्रिस्ती व्हा' अशा वळणाचं उत्तर दिलं आणि दोन्ही पत्रं आपल्या मासिकात छापून टाकली. तो अंक रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती पडला, तोही दवाखान्यात नंबर लागेपर्यंत वेळ घालवताना. १८८० मध्ये त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. तीन वर्षं पत्रं येत-जात राहिली आणि एकमेकींना पाहिलंही नसताना आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. दुखणाऱ्या दाताचे मराठी माणसावर इतके उपकार दुसरीकडे कुठे झाले नसतील.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाईंनी कलकत्ता सोडलं. ४ जूनला बोट न्यूयॉर्कला लागली, तेव्हा मावशी धक्क्यावर हजर होत्या. ब्रुकलिनचा पूल खुला होऊन तेव्हा अकराच दिवस झाले होते. रोझेलमध्ये तर त्याच वर्षी १९ जानेवारीला एडिसननं खांबांवरून तारा ओढून अख्खं गाव विजेनं उजळलं होतं. म्हणजे कंदिलाच्या देशातून आलेली अठरा वर्षांची मुलगी उतरली ती दिव्यांच्या गावात! शरद ऋतूत ती फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. मी रोझेलला गेलो त्या दिवशी भेटलेल्या तिघाचौघांना विजेची गोष्ट ठाऊक होती, पाहुणीची नव्हती.

पण मला खरं पाहायचं होतं ते पकीप्सी, कारण आनंदीबाईंच्या अस्थी तिथल्या दफनभूमीत आहेत. नकाशावर या नावाची अक्षरं वाचून तुम्ही जो उच्चार कराल तो चूकच ठरेल. मी 'पौघकीप्सी' म्हणालो तेव्हा मित्राची मुलगी सोफ्यावरून घसरली. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत अर्थ साधारण असा : लहान पाण्याजवळची बोरूची झोपडी. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनातून गाडी दोनेक तासांत शेवटच्या थांब्यावर सोडते. डाव्या खिडकीशी बसा, हडसन नदी जवळजवळ सगळा रस्ता सोबत येते. गाव मोठं आहे, व्हासार महाविद्यालय आहे, तारायंत्राच्या मोर्सचा बंगला आहे. नदीवर १८८९ सालचा रेल्वेपूल आहे. १९७४ च्या आगीनंतर तो बंद पडला आणि २००९ मध्ये लोकांना चालण्यासाठी खुला झाला. दोन किलोमीटर चालताना मला आमची शकुंतला रेल्वे आठवत राहिली. ती बंद पडली आणि कारंज्याकडचा तिचा मार्ग झुडपांना मोकळा झाला.

दफनभूमी मोर्सच्या बंगल्याजवळच आहे. 'रुरल सिमेटरी' असं नाव, पण दिसायला मोठी बागच. जुने मेपल, ओक, उतारावर गवत. कार्यालयातल्या बाईंनी नाव ऐकताच नकाशावर पेनानं रेघ ओढून दिली. म्हणाल्या, तुमचे लोक अधूनमधून येतात, बहुतेक उन्हाळ्यात. व्हासारचे संस्थापकही इथंच आहेत. तिकडे दाखवायला पाटी दिसली. आपल्या बाईंकडे जाणारी पाटी मात्र मला दिसली नाही. वीस मिनिटं शोधत होतो. गवत कापणाऱ्या माणसानं यंत्र बंद केलं आणि हात करून जागा दाखवली.

दगड साधा. नाव, एम.डी., १८६५ ते १८८७, आणि खाली इंग्रजीत एवढंच, की शिक्षणासाठी भारत सोडणारी ही पहिली ब्राह्मण स्त्री. अक्षरं पावसानं मवाळ झाली आहेत, काही बोटानं चाचपून वाचली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. गोपाळरावांनी अस्थी मावशींकडे पाठवल्या आणि मावशींनी त्या इथल्या आपल्या घरच्या दफनाच्या जागेत ठेवल्या. आपल्याकडे मावशी म्हणायला फार लागत नाही, भाजीवालीलाही म्हणतो. तो शब्द कोणी असा शेवटपर्यंत निभावलेला मी तरी पाहिला नव्हता. फुलं आणायचं सुचलं नव्हतं. पिशवीत ज्वारीच्या चार पापड्या होत्या, त्या ठेवाव्यात की नाही यावर बराच वेळ उभा राहिलो. नाही ठेवल्या. खारी येतील म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

मित्र इतकी वर्षं एडिसनला राहतो, पकीप्सीच्या पुलावर दोनदा जाऊन आला, दफनभूमीत एकदाही नाही. रात्री त्याला मोबाइलवर फोटो दाखवत होतो तेवढ्यात काकूंचा व्हिडिओ कॉल आला. आसेगावात सकाळ होती, त्यांच्या मागे खाटेवर कुरडया वाळत होत्या.

"पावना म्हून गेला अन् मसनात कायले फिरला रे?"

मी थोडक्यात सांगितलं. जोशांची मुलगी, तिकडची मावशी, अस्थी, दगडावर काय लिहिलंय ते. काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं.

"अन् ते मावशी कोन लोकं व्हय?"

"कार्पेंटर."

"म्हंजे सुतारच नं?"

मित्र हसायला लागला. मी म्हणालो, "हो काकू, सुतारच."

"बरं झालं," काकू म्हणाल्या, आणि कुरडया उलटायला उठल्या.