पाचटाचा कोळसा : कोणी करावा, कोणी करू नये



गेल्या गळीत हंगामात देवळाली प्रवरा भागात शिवारफेरी करताना आम्हांस दोन-तीन ठिकाणी एकच प्रश्न ऐकावयास मिळाला. "साहेब, पाचट पेटवू नका म्हणता, मग त्याचा कोळसा करून रानात टाकला तर? त्याचे पैसेही मिळतात म्हणे." प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात देता येत नाही.

आधी कोळसा म्हणजे काय ते पाहू. उघड्यावर काडी लावली की पाचट भडकते आणि मागे राख उरते. त्यातील कर्ब आणि नत्र हवेत जाते, पालाश तेवढे राखेत राहते. तेच पाचट बंद पिंपात, हवा न लागू देता तापवले, तर त्यातून जळाऊ वायू निघून जातो आणि काळा कर्ब मागे राहतो. दहा किलो वाळल्या पाचटामागे अडीच-तीन किलो कोळसा पडतो. कुजलेल्या पाचटातला बहुतेक कर्ब दोन-तीन वर्षांत जिवाणू खाऊन टाकतात. कोळशातला कर्ब मात्र त्यांना सहजी पचत नाही, तो शेकडो वर्षे जमिनीत टिकतो. कार्बन क्रेडिटचा जो बोलबाला आहे, तो एवढ्या एका गुणावर.

ही काही परदेशातून आलेली नवलाई नव्हे. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याची भट्टी विकसित केली. २००२ साली त्या कामास इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. युक्ती साधी आहे. पाचट लहान पिंपांत दाबून भरावयाचे आणि ती पिंपे मोठ्या भट्टीत ठेवून खालून जाळ घालावयाचा. पिंपांतून निघणारा वायू भट्टीतच पेटतो आणि पुढचे काम त्याच्याच उष्णतेवर होते. निघालेली भुकटी खळीत किंवा शेणात कालवून तिच्या वड्या पाडल्या की चुलीला, शेगडीला चांगले जळण होते. यासाठी झाड तोडावे लागत नाही, ही त्यातली मोठी गोष्ट.

वायू पेटतो की नाही, यावरच पर्यावरणाचा सारा हिशेब ठरतो. मातीने लिंपलेल्या जुन्या पद्धतीच्या भट्टीतून पांढरा-पिवळा धूर निघत राहतो. त्यात मिथेन असतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कर्बवायूपेक्षा पंचवीस-तीस पट हवा तापवतो. म्हणजे जमिनीत कर्ब साठवण्याचे पुण्य धुरातच गेले! शिवाय शेजारच्या वस्तीला खोकला, तो वेगळाच. आम्ही एकदा जुन्या पिंपात प्रयोग केला, तेव्हा झाकण नीट बसले नाही आणि अर्धी आळी डोळे चोळीत आमच्याकडे आली. भट्टीला ज्वाळा दिसली पाहिजे, धूर नव्हे, एवढी खूण लक्षात ठेवावी.

आता रानाचे पाहू. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या खोऱ्यात जुन्या वस्त्यांच्या जागी कोळसा मिसळलेली काळी, कसदार माती सापडते. तिचे दाखले सगळीकडे दिले जातात. पण तिथली मूळ जमीन आम्लधर्मी, पावसाने धुपलेली. कोळसा स्वतः अल्कधर्मी असल्याने तिथे तो औषधासारखा लागू पडला. आपल्या पाटपाण्याखालच्या काळ्या, चुनखडीच्या रानाचा सामू आधीच आठाच्या वर असतो आणि काही रान तर चोपण झालेले. तिथे कोरडा कोळसा ओतून उतारा वाढेल, अशी आशा आम्ही दाखवणार नाही. हलक्या, मुरमाड रानात ओल धरण्यास त्याचा उपयोग होऊ शकतो. पण ताजा कोळसा तसाच टाकला तर तो सुरुवातीस पिकाचे नत्र धरून ठेवतो. म्हणून तो शेणस्लरीत भिजवून किंवा कंपोस्टात मुरवूनच द्यावा.

एका एकराचा हिशेब मांडू. हेक्टरी आठ-दहा टन, म्हणजे एकरी सव्वातीन-चार टन पाचट निघते. त्यात सोळा-वीस किलो नत्र असते, म्हणजे युरियाची जवळजवळ एक गोणी. पेटवले तर ती गेलीच. कोळसा केला तरी त्यातले बरेचसे नत्र वायूबरोबर जाते, हे मात्र कोणी सांगत नाही. पाचट सरीत ठेवून कुजवले तर नत्र रानातच राहते, ओल टिकते, तण दबते आणि गांडुळांना खायला मिळते. म्हणून ज्याला खोडवा ठेवावयाचा आहे, त्याने कोळशाच्या नादी लागू नये. बुडखे मोकळे करून पाचट सरीत दाबावे, टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट व एक किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. उंदीर होतात ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो आणि ती खोटी नाही; पण त्यावर उपाय बिळांवर करावा, सबंध रानावर नव्हे.

खोडवा मोडून लगेच दुसरे पीक घ्यायचे आहे, पाचट कुजायला सवड नाही आणि नाहीतर काडीच लागणार आहे, अशा ठिकाणी मात्र कोळसा जरूर करावा. तुराट्या, पळाट्या, बांधावरची वेडी बाभूळ यांचा कोळसा तर पाचटापेक्षा सोपा पडतो. तो गावातल्या इस्त्रीवाल्यालाही चालतो. कार्बन क्रेडिटच्या करारावर सही करण्यापूर्वी वजन कोण करणार, ओल कोण मोजणार आणि पाचट किती वर्षे बांधून घेतले आहे, एवढे तरी वाचून घ्यावे. कागद घेऊन गट ऑफिसला आलात तर आम्ही सोबत बसून वाचू.

एक सूचना राहिली. पिंपातून काढलेला कोळसा गार लागला तरी आतून धगधगत असतो. आमची दोन पोती अशीच पत्र्याच्या शेडमध्ये रात्री पेटली होती. भरपूर पाणी मारून, एक रात्र उघड्यावर ठेवून, मगच पोती भरावीत. भुकटी चाळताना नाकातोंडाला फडके बांधावे.

— ऊस विकास अधिकारी